एलिजा मिस्त्रीचं नाक

रोह्याहून कोलाडकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला एक पत्र्याची शेड लागते. शेडवर पाटी नाही. होती ती एका वादळात उडाली, आणि एलिजा अष्टमकरने दुसरी लावली नाही, कारण ज्यांना यायचं ते पाटी वाचून येतच नव्हते. ते त्याच्या नाकाकडे येत होते.

ही थट्टा नाही. फियाट, जीप, सुरुवातीच्या काळातली मारुती, अशा जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा किती मिसळायची हे कार्बोरेटरवरच्या एका बोटभर स्क्रूवर ठरतं. पेट्रोल जास्त झालं की गाडी विषारी धूर ओकते, हवा जास्त झाली की चढावर धापा टाकते. बाकीचे मिस्त्री कान लावतात, प्लग काढून त्याचा रंग बघतात. एलिजाही ते सगळं करायचा, पण शेवटचा शब्द नाकाचा. गाडी चालू ठेवून तो मागे जाऊन उकिडवा बसायचा, सायलेन्सरच्या तोंडाशी उजवा तळवा धरायचा, मनात दहापर्यंत मोजायचा आणि तळवा नाकाशी न्यायचा. डोळे मिटलेले. मग मान एकदा हलली की गिऱ्हाईक निर्धास्त. पेण, अलिबाग, माणगावहून लोक यायचे ते ही मान हलताना बघायला. सायलेन्सरला कुठे सुईएवढं भोक असलं तरी त्याला गाडीखाली न शिरता कळायचं. शेडमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या म्हणायचा, "मधल्या जोडाला फुटलाय, आधी तो बदल."

स्वभावाने माणूस तिरसट. स्तुती ऐकायला आवडायची, पण ऐकताना तोंड असं करायचा की जणू कुणी उसने पैसे मागतोय. त्याच्या शेडमध्ये उभं राहून दुसऱ्या मिस्त्रीचं नाव काढलेलं त्याला खपत नसे. शनिवारी शेड बंद, रविवारी उघडी, हे पंचक्रोशीतल्या लोकांना पाठ होतं. एलिजा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, ज्यांना इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या शनिवार तेली म्हणत आले त्यांच्यातला. आता रोहा-अष्टमीत त्या समाजाची बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली आहेत. प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर पेणहून माणसं बोलवावी लागतात आणि तरी नऊच भरतात. मुलगी शीरा लग्न होऊन इस्राएलमधल्या अश्दोदला गेली, तिथून दर आठवड्याला फोनवर "बाबा, तुम्ही दोघं आता या" म्हणते. एलिजाचं उत्तर ठरलेलं असायचं, "तिथं माझ्या नाकाचं काय काम?"

ते नाक एकवीस साली गेलं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा-बायको दोघं आजारी पडली. बायको दीना आठ दिवसांत उठून कामाला लागली. एलिजाही उठला, पण शेडमध्ये येऊन पेट्रोलचा डबा उघडला तर डब्यात पाणी आहे की काय असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, येईल, महिन्याभरात येईल. मग म्हणाले, सहा महिने. मग एलिजाने विचारणंच सोडलं. त्याने लिंबू हुंगलं, लसूण ठेचून हुंगला, एकदा तर ग्रीसमध्ये नाक खुपसलं. काही नाही. घरात शिजणाऱ्या भातालाही वास नव्हता आणि जळणाऱ्यालाही नव्हता.

हे त्याने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. दीनालासुद्धा नाही. सांगायला हवं होतं, हे मी आज बसून सहज लिहितोय. पण ज्या माणसाची सगळी पत चेहऱ्याच्या मधोमध होती त्याने ती गेली असं कोणत्या तोंडाने सांगावं? जेवताना दीनाने "सुक्या बांगड्याचा वास कसा सुटलाय, नाय?" म्हटलं की तो "व्हय" म्हणायचा.

खरी पंचाईत शनिवारी संध्याकाळी व्हायची. तारे दिसले की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपतो आणि त्याला निरोप देण्याचा लहानसा विधी असतो, हावदाला. दिवा लावायचा, द्राक्षाचा रस घ्यायचा, आणि सुगंधासाठी देवाचे आभार मानून सब्ज्याची डहाळी हुंगायची. मग ती घरातल्या सगळ्यांच्या हाती फिरते. एलिजाचे वडील नथानियल अष्टमीच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगायचे. त्यांनी त्याला लहानपणीच बजावलं होतं, वास आला तरच हा बेराखा, आभाराचे हे शब्द, म्हणायचा. न आलेल्या वासासाठी देवाचं नाव घेतलं तर ते फुकट घेतल्यासारखं. एलिजा चार वर्षं दर शनिवारी तो बेराखा म्हणत होता, डहाळी नाकाला लावत होता आणि दीनाच्या हातात देत होता. देवाशी खोटं बोलायची सवय झाली की गिऱ्हाइकाशी बोलायला जड जात नाही.

शेडमध्येही त्याने तोच प्रकार चालू ठेवला. तळवा धरायचा, दहा मोजायचे, हात नाकाशी, डोळे मिटलेले, मान हलली. प्रत्यक्षात काम कान आणि प्लगचा रंग करत होते. काही काळ ते निभावलं. मग पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वाढत गेलं आणि प्लगचे रंग पूर्वीच्या हिशेबाने वाचता येईनात. पेणच्या एका वकिलाची फियाट दोनदा परत आली. दुसऱ्यांदा वकील गाडी घेऊन गेला तो नंतर दिसला नाही. त्या दिवशी एलिजाला पहिल्यांदा भीती वाटली.

म्हणून गेल्या वर्षी आषाढात तो गाडीने पेणला गेला, हितेशच्या दुकानात. हितेश गाड्यांचे सुटे भाग आणि मोजमापाची यंत्रं विकतो, वयाने तिशीतला, हुशार आणि बोलका. त्याने एलिजाला बघून खुर्ची पुढे केली.

"काका, तुम्हाला कशाला हवंय हे? तुमच्या नाकापुढे आमची मशीन काय!"

"माझ्यासाठी नाय. एका गिऱ्हाइकाला हवंय. हौस हाय त्याला."

हितेशने काचेवर तीन वस्तू मांडल्या. पहिलं एक गोल मीटर, त्यात लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांची रांग. एलिजाला ते एकदम आवडलं, पण हितेशनेच बाजूला सारलं. "हे फक्त जास्त की कमी एवढंच सांगतं. किती, ते सांगत नाही. दिवे नाचतात, बघायला बरं वाटतं." दुसऱ्या मीटरवर थेट आकडा येत होता. त्याचा सेन्सर इंजिनाजवळ, धुराच्या पाइपलाच बसवायचा होता. त्यासाठी पाइपला भोक पाडून एक जाड नट वेल्ड करावा लागणार होता. तिसऱ्यात सेन्सर तोच, आकडाही तोच, पण तो एका नळीत बसवलेला. नळी सायलेन्सरच्या तोंडात सरकवून चिमट्याने पकडायची. वेल्डिंग नाही, काही नाही, काम झालं की काढून कपाटात.

"पेट्रोलात इथेनॉल आहे, म्हणून एका भाग पेट्रोलला चौदा-पंधरा भाग हवा, या जुन्या आकड्यांच्या नादी लागू नका," हितेश म्हणाला. "हे बटण दाबून इथे ठेवा. एक आला म्हणजे बरोबर. एकाच्या वर गेला तर हवा जास्त, खाली आला तर पेट्रोल जास्त. पण तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, घ्यायचं तर वेल्डिंगचंच घे. इंजिनाजवळ मोजलेलं खरं. मागून मोजताना सायलेन्सर जरा जरी फुटका असला तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडा खोटा येतो. आपल्याकडे खाडीची हवा लोखंड खाते, धड सायलेन्सर असतो कुणाचा? मागचं घेतलंच, तर दरवेळी आधी तोंडाला फडकं दाबून धरायचं आणि कुठे फुसफुसतंय का ऐकायचं. फुसफुसलं तर आकडा बघायचाच नाही."

एलिजाने सगळं ऐकलं. त्याला हितेशचं पटतही होतं. पण मनात दुसरंच चाललं होतं. दर गाडीच्या पाइपला नट वेल्ड करायचा म्हणजे मालकाला सांगावं लागणार. मालक विचारणार, हे कशाला? आणि महिन्याभरात कोलाडच्या हॉटेलांतून चर्चा होणार की एलिजा मिस्त्रीला आता मशीन लागते. तिसरं यंत्र मात्र शटर अर्धं ओढून, गिऱ्हाइकाला चहाला पिटाळून पाच मिनिटांत लावता आणि काढता येण्यासारखं होतं.

"हे मागचंच दे," तो म्हणाला. एवढ्या एका वाक्यात पुढचं सगळं घडलं, असं त्याने नंतर मला सांगितलं.

श्रावणात दाजी आपली मारुती घेऊन आला. दाजी कोलाडजवळचा शेतकरी, भात आणि त्यानंतर वाल. एलिजाचा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याची बायको सरू एलिजाच्या घरी वालाच्या शेंगा आणि दीनाला मलिद्याचे, त्यांच्या गोड प्रसादाचे, पोहे कसे भिजवायचे याचे सल्ले, दोन्ही न मागता पोचवायची. सरूच्या डोळ्याचं पेणला ऑपरेशन ठरलं होतं आणि गाडी चढावर अडखळत होती.

"ऑपरेशनाला न्यायची हाय रे तिला," दाजी म्हणाला. "वाटेत दगा नको."

"तू चहा पिऊन ये," एलिजा म्हणाला.

दाजी गेल्यावर त्याने शटर ओढलं, नळी सायलेन्सरच्या तोंडात सरकवली. आकडा आला एक पूर्णांक दोन दशांश. हवा जास्त. फडकं दाबून ऐकायचं हे त्याला आठवलं नाही असं नाही. त्याला ते करायची गरजच वाटली नाही. चाळीस वर्षांत फुटका सायलेन्सर शोधायला त्याने कधी फडकं हातात घेतलं नव्हतं. तो आपोआप कळायचा. आता कळलं नाही, म्हणजे फुटका नाही, असा त्याच्या अंगवळणी पडलेला हिशेब. तो हिशेब जे करत होतं ते नाकच शिल्लक नाही, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानातून गेलं. माणूस पाय तुटल्यावरही पहिल्यांदा त्याच पायावर उभा राहायला बघतो.

त्याने स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं. एक पूर्णांक एक दशांश. अजून फिरवलं. इंजिनाचा आवाज जड झाल्यासारखा कानाला लागला, पण आकडा खाली येत होता आणि आकड्याला काय म्हणणार? तेवढ्यात मागच्या दाराने दीना डबा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अवो, काय हा वास! डोळ्यांना झोंबतंय. कुठून येतंय?"

"गॅरेज हाय गो हे, अत्तराचं दुकान नाय. डबा ठेव नि जा."

ती पदर नाकाला लावून गेली. आकडा एकवर आला. एलिजाने नळी काढून कपाटात ठेवली, शटर वर केलं. दाजी परत आला तेव्हा तो गाडीमागे उकिडवा बसला, तळवा सायलेन्सरशी धरला, दहा मोजले, नाकाशी नेला, डोळे मिटले. मान हलवली. दाजीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं ते त्याने पाहिलं.

तीन दिवसांनी दाजी सरूला घेऊन पेणला निघाला. बाहेर रिपरिप आणि रस्त्याचा चिखल, म्हणून काचा वर. सरूला बसून अवघडायला झालं तशी ती मागच्या सीटवर आडवी झाली. वडखळच्या अलीकडे, डोलवीच्या कंपनीची शिफ्ट सुटायच्या वेळेला, ट्रेलरच्या रांगेत गाडी सव्वा तास जागची हलली नाही. दाजीला तंबाखूची सवय. थुंकायला म्हणून त्याची काच चार बोटं खाली होती, तो त्यामुळे वाचला. त्याचं नुसतं डोकं दुखत राहिलं. रांग सुटल्यावर त्याने मागे वळून "आलं हां पेण" म्हटलं. सरू उत्तर देईना.

गाडीच्या तळाखालचा सायलेन्सरचा जोड गंजून फुटला होता आणि धूर पत्र्याच्या फटीतून आत येत होता. पेणच्या डॉक्टरांनी सरूला अठरा दिवस ठेवून घेतलं. ती जगली. पण घरी आली ती सरू नव्हती. जुनं सगळं तिला आठवायचं, लग्नातली गाणीसुद्धा, मात्र आत्ता झालेलं पाच मिनिटांत पुसलं जायचं. डाळीत तीन वेळा मीठ पडायचं. डॉक्टर म्हणाले, आता असंच राहील.

दाजी तेवढे दिवस पेणलाच होता; एलिजाला हे सगळं कळलं ते दाजी एका शुक्रवारी गाडी घेऊन शेडवर आला तेव्हा. गाडी दोरीने बांधून ट्रॅक्टरमागे आणली होती. एलिजा त्याच्या तोंडाकडे बघत शिव्यांची वाट पाहत राहिला.

"पेणचा मिस्त्री म्हणतो, मशीन लावली तर पेट्रोल लई जास्त निघालं," दाजी म्हणाला. "मी त्याला सांगितलं, तुझी मशीन ठेव तुझ्यापाशी. ही गाडी एलिजाने वास घेऊन दिलीय, माझ्यासमोर घेतलाय. चूक माझीच. सायलेन्सर जुना झालेला, मी बदलला नाय. तू दिलीस तेव्हा बरा असंल, नंतर फुटला असंल. तू एकदा बघ. माझ्या मनाला लागून राहिलंय."

दाजी गेल्यावर एलिजाने फडकं घेतलं, गाडी चालू केली आणि सायलेन्सरच्या तोंडाला दाबलं. तळाखालून फुसफुस आली, ती बहिऱ्यालाही ऐकू गेली असती. खाली शिरून बघितलं तर जोडाच्या फुटलेल्या कडा आतपर्यंत गंजलेल्या. चार-दोन दिवसांचा नव्हे, निदान वर्षभराचा गंज. तो तसाच फरशीवर पाठ टेकून पडून राहिला. दिवेलागणीला शब्बाथ सुरू होतो म्हणून दीना बोलवायला आली, तेव्हा उठला.

शनिवारी संध्याकाळी तारे दिसले, दिवा लागला, रसाचा पेला झाला. सब्ज्याची डहाळी हातात घेऊन एलिजा थांबला. दीना वाट बघत होती.

"तू म्हण," तो म्हणाला.

"मी? तुम्हाला काय झालं?"

"मला वास येत नाय, दीना. करोनापासून. चार वर्षं."

दीनाला शेडचा उंबरा आठवला असणार, कारण तिने हळूच विचारलं, "मग त्या दिवशी मी सांगितलं, झोंबतंय म्हणून?"

"तू सांगितलंस. मी तुला घालवली."

तिने डहाळी त्याच्या हातातून घेतली. बेराखा म्हटला नाही. डहाळी ताटात ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ रडत राहिली. एलिजाला वाटलं, आपल्यालाही रडू यावं. आलं नाही.

रविवारी सकाळी त्याने शेड उघडली नाही. तो दाजीच्या घरी गेला. दाजी पडवीत बसला होता, सरू शेजारी पाटावर वाल सोलत होती. एलिजाने उभ्यानेच सांगून टाकलं. नाक गेल्याचं, पेणच्या दुकानाचं, लपवता येईल म्हणून निवडलेल्या यंत्राचं, न दाबलेल्या फडक्याचं. सगळं संपल्यावर दाजीने एवढंच विचारलं, "मंग मी चहा पिऊन आलो तवा हात नाकाला नेलास, डोळे मिटलेस, मान हलवलीस, ते कशाला?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

दाजीने मान खाली घातली. मारेल असं एलिजाला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. पण दाजी जागचा उठला नाही.

"मला कशाला सांगतोस," तो म्हणाला. "तिला सांग. तिचं गेलंय."

एलिजा पाटासमोर खाली बसला. "वहिनी, तुमच्या गाडीचं काम मी चुकवलं. मला वास येत नव्हता आणि मी येतो म्हणून दाखवलं. त्या धुराने तुमची ही गत झाली. माझ्यामुळे झाली."

सरूने सोललेला वाल हातातच ठेवून सगळं नीट ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाक गेलं तुमचं?" ती म्हणाली. "आणि एवढे दिस कुणाला सांगितलंत नाय? एकट्याने काढलंत?" तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "असू दे भावोजी. मुद्दाम नाय केलंत."

एलिजाचा बांध तिथे फुटला. तो गुडघ्यांत डोकं घालून रडला, आणि मनावरचं ओझं जरा हललं असं वाटून त्याने वर पाहिलं.

सरू पुन्हा वाल सोलत होती. त्याच्याकडे नजर जाताच तिचा चेहरा आनंदाने फुलला.

"अवो भावोजी, तुम्ही कवा आलात? रडताय कशाला? दीना बरी हाय ना?"

एलिजाने दाजीकडे बघितलं. दाजी त्याच्याकडे बघत नव्हता, अंगणाकडे बघत होता.

"इसरली ती," दाजी म्हणाला. "पुन्ना सांग."

एलिजाने डोळे पुसले. "वहिनी," तो म्हणाला, "तुमच्या गाडीचं काम मी चुकवलं."